आधी बोटुकली द्या

मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा एप्रिल २०२५ मधील निर्णय योग्यच आहे. कृषी दराने वीज, कर्ज, विमा हे हवेच होते. पण तलावात सोडायला चांगले मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्ले, नसतील तर या सवलतींचा उपयोग काय? केंद्राने २०२० मध्ये २०,०५० कोटींची मत्स्य संपदा योजना आणली, तरी अनेक सहकारी संस्था आजही पावसाळ्यात परराज्यातल्या बिजाची वाट पाहतात. ऑक्सिजनच्या पिशव्यांतून आलेले जिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) प्रवासातच अर्धमेले होते. उरलेल्यावर तलावातला मरळ हा शिकारी मासा ताव मारतो. हिशेब मात्र सोडलेल्या बिजाचा मांडला जातो, निघालेल्या मासळीचा नाही. तेच सोयीचे असावे! जिल्ह्यातच मत्स्यबीज तयार करून संस्थांना जुलै-ऑगस्टमध्ये बोटभर वाढलेली बोटुकली मिळेल, एवढी तरतूद सरकारने आधी करावी.

– एक मत्स्यशेतकरी, भंडारा