बागेबद्दल तुझे मत

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

आबांशी फोनवर झालेले तुझे बोलणे आजींनी मला सांगितले. सोमवारी तू बाग विकावी म्हणून त्यांना पटवलेस आणि गुरुवारी तीच बाग विकू नये म्हणून तेवढ्याच आवेशाने बोललास. आबांनी कारण विचारले तेव्हा ‘सराव करत होतो’ म्हणालास. वादविवाद स्पर्धेत वाट्याला येईल ती बाजू मांडावी लागते हे मला कळते, आणि तुझी निवड झाल्याचे मी शाळेच्या शिक्षकखोलीत सगळ्यांना दोनदा सांगून झाले आहे. तरीही तुझे स्वतःचे मत काय, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. खरे काय ते ठरवण्यासाठी केला जातो तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी छलाचा, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ लावण्याचाही आधार घेऊन, केला जातो तो जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे नुसते खोडून काढणे म्हणजे वितंडा. जल्प आणि वितंडा यांनाही सूत्रकार जागा देतात, पण ती कोवळ्या रोपाभोवती घातलेल्या काटेरी कुंपणाची. तुझे कुंपण उत्तम झाले आहे. आत रोप आहे ना, एवढेच मला विचारायचे आहे.

‘कलमे जुनी झाली, म्हणून बाग विकावी’ हा तुझा सोमवारचा हेतू, म्हणजे तू दिलेले कारण, घे. जुन्या कलमांच्या बागा लोक राखतातही, म्हणजे हा हेतू साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नसते तिथेही आढळतो. सव्यभिचार म्हणतात तो हेत्वाभास, म्हणजे कारणासारखे भासणारे सदोष कारण, हाच, आणि तुला तो दिसला नसेल असे मला वाटत नाही. आबांना तो दिसणार नाही, हे मात्र तू ओळखलेस. असो, पुन्हा मास्तरीण झाले. राग मानू नकोस.

लहानपणी ग्रहणात आजींनी दुधावर तुळशीपत्र ठेवले, तेव्हा तू दुसरी वाटी तुळशीवाचून खिडकीत ठेवलीस, आणि ग्रहण सुटल्यावर दोन्ही वाट्यांचा वास घेऊन दोन्ही पिऊन टाकल्यास. आजी रागावल्या, मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. त्या दिवशी तुला कोणाला हरवायचे नव्हते, फक्त जाणून घ्यायचे होते.

आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्यावरून ते व टिळक समोरासमोर उभे राहिले. शब्द दोघांचेही जहाल असत, पण कोण कशाच्या बाजूने आहे याविषयी वाचकाला शंका पडत नसे. तुझ्याविषयी आबांना ती पडली आहे. तू मुद्दाम दुखावले नाहीस हे मी त्यांना सांगितले. ते नुसते ‘हं’ म्हणाले.

पैसे पाठवले आहेत, खानावळीचे आधी भागव. शनिवारी गिऱ्हाईक बाग पाहायला येणार आहे. त्याआधी आबांना फोन कर आणि विकावी की ठेवावी याचे एकच उत्तर दे. कारणे मागतील तेव्हा सांग.

तुझी,
आई