कपाळ कोणाचे, कौतुक कोणाचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील ‘टिकलीची जगाला भुरळ’ हा लेख मी प्रथम घाईत आणि नंतर चष्मा पुसून पुन्हा एकदा वाचला. परदेशी गायिकांनी आणि अभिनेत्रींनी कपाळावर टिकली लावली की आपल्या संस्कृतीचा गौरव होतो आणि त्यावर कोणी बोट ठेवले तर तो माणूस ‘अतिसंवेदनशील’ ठरतो, असा एकंदर निष्कर्ष त्यात काढलेला आहे. लेख सुबक आहे आणि छायाचित्रे तर त्याहून सुबक आहेत. माझी तक्रार इतकीच की त्यात एवढी सारी कपाळे असूनही, ज्यांना ही टिकली एकेकाळी काढून ठेवावी लागली त्यांच्यापैकी एकाचेही कपाळ नाही. त्यांतले एक माझे असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

लग्नानंतर मी अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटी येथे राहत होते आणि नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये एका विमा कंपनीच्या कचेरीत कारकुनी करीत होते. आमच्या विभागप्रमुख बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, वाढदिवसाला आठवणीने कार्ड देत असत. १९८७ च्या आरंभी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले की, समोर बसलेला ग्राहक कागदाकडे न पाहता माझ्या कपाळाकडे पाहत राहतो, तेव्हा कामाच्या वेळेपुरते ‘ते’ काढून ठेवता आले तर बरे होईल. ‘ते’ म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते आणि विचारावे असेही वाटले नाही. मी काढून ठेवू लागले. सकाळी जर्नल स्क्वेअर स्थानकात मॅनहॅटनला जाणाऱ्या पाथ रेल्वेत बसले की टिकली नखाने उचलून पर्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवायची आणि संध्याकाळी परतताना तीच पुन्हा लावायची, असा परिपाठ पडला. ज्या टिकलीचा डिंक वाळून जाई ती तिथेच राही, त्यामुळे काही महिन्यांत त्या झाकणाच्या आत लाल-मरून ठिपक्यांची एक वेडीवाकडी रांग तयार झाली होती.

त्याच उन्हाळ्यात ‘जर्सी जर्नल’ या तिथल्या दैनिकात एक पत्र छापून आले. होय, संपादक महोदय, वाचकाचेच पत्र, आपल्या या सदरात येते तसे. लिहिणाऱ्यांनी स्वतःला ‘डॉटबस्टर्स’ म्हणवून घेतले होते आणि हे नाव आमच्या कपाळावरच्या ठिपक्यावरूनच घेतलेले होते. भारतीयांना या शहरातून घालवून देण्यासाठी आम्ही कोणत्याही थराला जाऊ, आणि घरे कशी शोधायची म्हणाल तर टेलिफोन डिरेक्टरीत पटेल हे आडनाव पाहू, असा त्यातला मजकूर होता. आमचे आडनाव पटेल नव्हते, याचा मला त्या दिवशी दिलासा वाटला आणि त्या दिलाशाची आजही लाज वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस जवळच्या होबोकेनमध्ये पोरांच्या एका टोळक्याने एका तरुण पारशी बँक अधिकाऱ्याला बेदम मारहाण केली आणि चार दिवसांनी तो मरण पावला. त्याच्या कपाळावर ठिपका असण्याचा काही प्रश्नच नव्हता, पण मारणाऱ्यांना इतक्या बारकाव्यात शिरायचे नव्हते. त्यानंतर आमच्या यजमानांनी मला एवढेच विचारले की, टिकली घरातच लावली तर नाही का चालणार? मी वाद घातला नाही. पर्सच्या झाकणावरच्या टिकल्या मात्र तशाच राहिल्या.

यानंतरची हकीकत आपल्या लेखकाच्या प्रांतातली आहे. १९९५-९६ च्या सुमारास ‘नो डाउट’ या बँडची गायिका ग्वेन स्टेफनी कपाळावर चमकदार टिकल्या लावून रंगमंचावर येऊ लागली आणि तिच्या मागोमाग अमेरिकेतल्या शाळकरी मुलीही लावू लागल्या. आश्चर्य वाटेल, पण या बाईंवर माझा राग नाही. त्यांच्याच बँडमधील टोनी कनाल या भारतीय कुटुंबातल्या मुलाशी त्यांची मैत्री होती आणि ही सवय त्यांनी त्याच्या आईकडून उचलली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. कोणाच्या घरात उठबस असताना एखादी गोष्ट अंगवळणी पडली तर तिला चोरी म्हणण्याइतका कोतेपणा माझ्यात नाही. मला त्रास झाला तो त्यानंतर, आमच्या कचेरीत नाताळच्या मेजवानीला विभागप्रमुख बाईंची मुलगी भुवयांच्या मध्ये निळी खड्याची टिकली लावून आली तेव्हा. बाई कौतुकाने मला म्हणाल्या, “हे कुठे मिळते? ही पोरगी एका पाकिटाला वाटेल तेवढे पैसे मोजते.” मी दुसऱ्या दिवशी घरातले एक अख्खे पाकीट त्यांना नेऊन दिले. त्यांनी ते उजेडाकडे धरून पाहिले, माझे मनापासून आभार मानले आणि म्हणाल्या, “किती सुंदर असते गं हे, तू कधी का लावत नाहीस?”

त्या खोचकपणे बोलल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच आठवत नव्हते. हा विसराळूपणा, संपादक महोदय, माझ्या मते या सगळ्या वादाचे मूळ आहे आणि आपल्या लेखात त्याचा मागमूसही नाही. जे चिन्ह अंगावर बाळगल्याबद्दल एकाला नोकरीत कानकोंडे व्हावे लागते आणि रस्त्यात मागे वळून पाहत चालावे लागते, तेच चिन्ह दुसऱ्याच्या अंगावर आले की धाडसी, रंगतदार आणि ‘ग्लोबल’ ठरते, आणि मधल्या काळात काय घडले ते कोणी विचारत नाही.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, नाहीतर मला भलत्याच गोटात ढकलले जाईल. १९९८ मध्ये एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात मॅडोना वैष्णव पद्धतीचा टिळा लावून गायली तेव्हा, आणि २०१३ मध्ये गायिका सेलेना गोमेझ टिकली लावून नाचली तेव्हाही, धर्माचा अवमान झाला म्हणून ओरड झाली होती. माझे दुखणे ते नाही. टिळ्याचे वैष्णव मंडळी पाहून घेतील, पण टिकलीपुरते बोलायचे तर आपणही ती साडीच्या रंगाला साजेशी लावतो आणि रात्री न्हाणीघराच्या आरशाला चिकटवून ठेवतो, त्यामुळे तिच्या पावित्र्याचे स्तोम माजवण्यात काही अर्थ नाही. शिवाय ज्या समाजात विधवेच्या कपाळावरचे कुंकू पुसण्याची प्रथा थांबवण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीला २०२२ साली ठराव करावा लागला, त्या समाजाने कोणाच्या कपाळावर काय असावे याचे धडे परक्यांना देण्याआधी जरा दम धरावा हे बरे.

लेखकाने अमेरिकी टीव्ही-तारका किम कार्दाशियनचा उल्लेख अर्ध्या वाक्यात उरकला आहे, वास्तविक सांगण्यासारखे त्यातच होते. २०१९ च्या जूनमध्ये या बाईंनी आपल्या कंपनीच्या अंतर्वस्त्रांना ‘किमोनो’ असे जपानी पारंपरिक पोशाखाचे नाव देऊन त्याच्या व्यापारचिन्हासाठी अर्जही केले. त्यावर जपानमधील क्योटो शहराच्या महापौरांनी त्यांना पत्र लिहिले. किमोनो नेसू नका असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. हे नाव किमोनोवर प्रेम करणाऱ्या सर्वांचे आहे, त्यावर कोणा एकाची मक्तेदारी असू नये, आणि आपण एकदा क्योटोला येऊन ही संस्कृती जवळून पाहावी, असे निमंत्रणही त्यात होते. ऑगस्टअखेर नाव बदलून ‘स्किम्स’ झाले. एका पत्राने हे झाले असे मी म्हणणार नाही, कारण जगभर गदारोळ उठला होता, परंतु पत्र कसे लिहावे याचा तो वस्तुपाठ आहे आणि मला तो साधत नाही हे या पत्रावरून दिसतेच आहे.

आमचेही हात स्वच्छ आहेत असा माझा दावा नाही. ‘एल’ मासिकाच्या ब्रिटिश आवृत्तीच्या मुखपृष्ठावर गायक फॅरल विल्यम्स मूळ अमेरिकी जमातींच्या पद्धतीचा पिसांचा मुकुट घालून झळकला आणि टीका झाल्यावर त्याने माफी मागितली, ही २०१४ सालची बातमी वाचताना मला आमच्या कपाटातला एक फोटो आठवला. मुलीच्या शाळेतल्या थँक्सगिव्हिंगच्या कार्यक्रमासाठी मी रात्री जागून रंगीत कागदाची पिसे कापली होती आणि तसाच मुकुट तिच्या डोक्यावर चढवला होता. मैदानी प्रदेशातल्या मूळ अमेरिकी जमातींमध्ये त्यातले एकेक पीस पराक्रमाने मिळवावे लागते, हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि, आमच्या विभागप्रमुख बाईंप्रमाणेच, विचारावेसेही वाटले नव्हते. तो फोटो मी अल्बममधून काढलेला नाही, पण आता तो कोणाला कौतुकाने दाखवतही नाही.

लेखाच्या शेवटी ‘बीटल्स’ या बँडच्या जॉर्ज हॅरिसनलाही याच माळेत ओवले आहे, ते तर अजिबात पटले नाही. त्याने १९६५ मध्ये हौसेने एका गाण्यात सतार वाजवली हे खरे, परंतु पुढच्याच वर्षी तो भारतात येऊन पंडित रविशंकरांसमोर शिष्य म्हणून बसला, आणि आपण मोठे सतारिये होणार नाही हे उमगल्यावर मुकाट्याने गिटारीकडे परतला. शिकायला बसले की आपल्याला काय येत नाही ते कळते. टिकली लावून फोटो काढल्याने ते कळत नाही. १९७१ च्या ऑगस्टमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्या दोघांनी मैफल केली, तेव्हा वाद्ये जुळवून होताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणे इतके आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असे पंडितजी हसत म्हणाले होते. ते टाळ्या वाजवणारे श्रोते आपल्या लेखकाचे पूर्वसुरी असावेत अशी मला शंका आहे.

जाता जाता आणखी एक. याच लेखातील तिसऱ्या छायाचित्राखाली मेंदीला ‘हेना टॅटू’ असे म्हटले आहे. मराठी वर्तमानपत्राला मराठी वाचकांसाठी मेंदीचे इंग्रजीत भाषांतर करावेसे का वाटले, याचे उत्तर उपसंपादकांकडून मिळाल्यास आभारी राहीन. तसेच मागील खेपेस आपण माझ्या पत्राचा मधला भाग गाळून पहिला आणि शेवटचा परिच्छेद एकमेकांस जोडून टाकला होता, त्यामुळे मी जे खोडून काढत होते तेच माझे मत असल्यासारखे वाचकांना वाटले. या वेळी जागा कमी पडल्यास हॅरिसनचा परिच्छेद खुशाल गाळावा, पर्सचा गाळू नये.

कळावे,
आपली नियमित वाचक