पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. हे गावात कोण सांगणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात मी दीड एकर मोसंबीला ठिबक बसवले. विहीर दिवसाआड तासभर चालत होती, झाडांनी माना टाकल्या होत्या. विक्रेता म्हणाला, "दादा, बसवून टाका, अनुदान मागून येतंच." उसनवारी करून संच घेतला, नळ्या अंथरल्या आणि मग महाडीबीटी या सरकारी योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज भरला. निवड झाली, कागदपत्रे मागितली गेली आणि तिथेच घोडे अडले. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीआधी घ्यायच्या कृषी विभागाच्या मंजुरीच्या, आधीची होती. अनुदान गेले.

अल्पभूधारकाला ठिबकच्या मंजूर खर्चावर ८० टक्के अनुदान मिळते. ५५ टक्के केंद्र सरकारच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून आणि वरचे २५ टक्के राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून. म्हणजे किती रकमेवर पाणी सोडावे लागले, याचा हिशेब कोणीही शेतकरी करू शकेल. नियम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो नसेल तर जुन्या संचावर नवे बिल लावणारे मोकळे सुटतील. पण खरेदीच्या आधी पूर्वसंमतीचे पत्र हातात हवे, एवढे एक वाक्य मला विक्रेत्याने सांगितले नाही, अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर सांगितले नाही आणि ग्रामपंचायतीत कुठे लिहिलेलेही नव्हते.

दुसरा अनुभव बांधाचा. वरच्या शेतातले पाणी एका रात्रीत घुसले आणि माझा बांध मधोमध फोडून गेले. कमरेइतकी घळ पडली, वरची काळी माती ओढ्याला लागली. बांधबंदिस्तीसाठी सरकारचे काही असेल म्हणून एका कार्यालयात गेलो; त्यांनी दुसरीकडे पाठवले, दुसऱ्यांनी तिसरीकडे. तीन चकरा, तीन दिवसांचा रोज बुडाला. शेवटी उलगडा केला तो गावातल्याच ग्रामरोजगार सेवकाने. हे काम पोर्टलवर मिळत नाही. ते गट नंबरासह रोजगार हमीच्या आराखड्यात यावे लागते आणि आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते. ती ग्रामसभा होऊन गेली होती. मी तेव्हा कापूस वेचायला शेतात होतो.

अडचण योजना नसण्याची नाही, त्या कुणाच्या दारी आहेत हे न कळण्याची आहे. ठिबक, अवजारे, फळबाग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीची बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासींसाठीची बिरसा मुंडा योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे. बंधाऱ्याची कामे मृद व जलसंधारणकडे, बांधावरची झाडे सामाजिक वनीकरणाकडे. सातबारा सगळ्यांनाच लागतो आणि आता शेतकरी ओळखपत्रही. १५ एप्रिल २०२५ पासून त्याशिवाय पान हलत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या नावावर जमीन, आधारला पोराचा मोबाइल नंबर, पोरगा पुण्याला. ओटीपी तिकडे वाजतो आणि म्हातारा इकडे केंद्रावर बसून राहतो. अर्जाची फी २३ रुपये ६० पैसे असताना हातात दोनशे ठेवल्याशिवाय उठता येत नाही, हेही इथे सांगितले पाहिजे.

आमच्याच जालना जिल्ह्यात कडवंची आहे. १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने त्या गावाबरोबर माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खोदले, बांध घातले. पुढे तिथे शेततळी आली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या. गावकरी कष्टाळू आहेतच, पण कोणीतरी जाणते माणूस शिवारात येऊन, कोणत्या गटात काय करायचे ते दाखवत होते. आम्हाला ते माणूस हवे आहे.

एका कृषी सहायकाच्या गळ्यात चार-पाच गावे असतात, हे मला कळते. म्हणून माझी मागणी झेपेल एवढीच आहे. पंधरा दिवसांतून एक ठरलेला वार असावा, त्या दिवशी कृषी सहायक, तलाठी आणि ग्रामरोजगार सेवक या तिघांनी दोन तास ग्रामपंचायतीत एकत्र बसावे. बाहेरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहावे: योजना कोणती, कार्यालय कोणते, आधी काय करायचे, नंतर काय. आराखड्याच्या ग्रामसभेची दवंडी आठवडाभर आधी द्यावी. आणि अनुदानातून घ्यायच्या संचाच्या बिलावर पूर्वसंमतीचा क्रमांक लिहिल्याशिवाय विक्रेत्याने माल देऊ नये. ही शेवटची अट घालायला सरकारला एक रुपयाही लागत नाही.

माझा बांध अजून फुटलेलाच आहे. येत्या ग्रामसभेत गट नंबर सांगायला मी सकाळपासून जाऊन बसणार आहे. कापूस दुसऱ्या दिवशी वेचता येईल.

आपला,
एक शेतकरी वाचक, जि. जालना