फॉरमॅट मारू नकोस!

रविवार, रात्री उशिरा

प्रिय वृंदा,

पाच महिने तुला एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे, पण पत्र पूर्ण वाचून झाल्यावर. माधवी म्हणाली, तुझा लॅपटॉप सारखा हँग होतोय, मध्येच बंदही पडतो, आणि शनिवारी तू तो फॉरमॅट मारणार आहेस. अगं, अप्पांच्या मुलाखती त्याच्यावरच आहेत ना? आणि दुसरी प्रत कुठेही नाही, हे तुला न विचारताच सांगते. मेलच करणार होते, पण ती उघडायला गेलीस की तो तिथेच हँग व्हायचा. म्हणून कागद.

माझी तब्येत बरी आहे. पाठ कुरकुरते, तेवढंच.

तर फॉरमॅट. वार्षिक अंकाच्या वेळी तू हेच केलं होतंस आणि ८४ पानं गेली होती. (तुझ्या मते ७०. असू दे.) फॉरमॅटने फक्त विंडोजचं दुखणं बरं होतं. डिस्क, रॅम किंवा पंखा बिघडला असेल, तर कोरंकरकरीत विंडोज घेऊन तो तसाच हँग होईल आणि मुलाखती तेवढ्या गेलेल्या असतील.

माधवीच्या बोलण्यावरून मला यात दोन वेगळी दुखणी दिसतात. फोल्डर उघडताना बाण हलतो पण बाकी सगळं थिजतं, हे एक. व्हिडिओ कॉल चालू असताना पडदा एकदम काळा, विंडोज कोसळल्यावर येतो तो निळा पडदा नाही की सूचना नाही, हे दुसरं. पहिल्यात मला डिस्कचा संशय आहे, दुसऱ्यात उष्णतेचा. तू दोन्हींना 'हँग'च म्हणतेस, म्हणून उपायही एकच सुचतो.

आधी डिस्क, कारण माझा जीव तिथे अडकलाय. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघड, 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कवर जा आणि तो समोर ठेवून एखादा साधा, बिनमहत्त्वाचा फोल्डर उघडून बघ. डिस्क १०० टक्के व्यस्त, वाचनाचा वेग मात्र शून्याच्या आसपास आणि प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंद, असं दिसलं तर ती एकाच सेक्टरवर, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्यावर, डोकं आपटत बसली आहे. धडधाकट फिरत्या डिस्कला एका वाचनाला साधारण १० ते २० मिलिसेकंद पुरतात. मग क्रिस्टलडिस्कइन्फो, म्हणजे डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, चालव, पण पेनड्राइव्हवरून. त्या डिस्कवर आता नवीन अक्षरही लिहायचं नाही. तीन ओळी बघ: ०५, सी५, सी६. ०५ म्हणजे निकामी झाले म्हणून बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट बघत बसलेले, सी६ म्हणजे डिस्कने ज्यांच्यापुढे हात टेकले ते. शेवटच्या रकान्यातले आकडे सुरुवातीला हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर, असतात, तेव्हा १० दिसले तर ते १६ समज. सी५ शून्य नसेल तर पुढचा परिच्छेद दोनदा वाच. आणि वर निळ्या चौकोनात 'गुड' लिहिलंय म्हणून खूश होऊ नकोस. कितीतरी डिस्का शेवटपर्यंत 'गुड' म्हणत म्हणतच गेल्या आहेत. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, तिच्या सिस्टीम नोंदीत 'डिस्क' नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांक वारंवार येत असेल, तर आणखी पुरावा नको. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे तेच काम पुन्हा करून बघावं लागलं.

आता प्रत काढायची. माऊसने ओढून टाकू नकोस. एक फाइल अडली की सगळी वरात थांबते. रोबोकॉपी वापर, विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा. पण तिची एक खोड आहे: न वाचली जाणारी फाइल ती मुळात १० लाख वेळा पुन्हा वाचून बघते, दर वेळी ३० सेकंद थांबून. तू आजी होशील तरी ती तिथेच असेल. म्हणून आज्ञेच्या शेवटी स्लॅश आर कोलन १ आणि स्लॅश डब्ल्यू कोलन १ लिही, म्हणजे एकदाच बघून ती पुढे जाईल. आतल्या फोल्डरांसाठी स्लॅश ई. आधी फक्त मुलाखती, मग तुझे लेख. लग्नांचे व्हिडिओ सगळ्यात शेवटी, आणि माझ्या नाचाचा नाही आला तरी चालेल.

त्यातूनही काही फाइली अडल्याच, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू, म्हणजे बिघडत्या डिस्कची प्रत काढणारी आज्ञा. मूळ डिस्कएवढी किंवा मोठी रिकामी डिस्क लागेल. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग झटकन उचलते आणि अवघड जागांशी नंतर झगडते. कुठवर आलो त्याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवायला सांग, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी तिथूनच पुढे जाता येतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घे, नाहीतर सुखरूप आलेली प्रतही उघडणार नाही. आणि डिस्कमधून टक् टक् आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नकोस. बंद कर, पुन्हा चालू करू नकोस, थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे दे.

सतीश तुला 'चेकडिस्क स्लॅश आर मार, सगळं नीट होतं' असं सांगेलच. प्रत काढण्याआधी ते करायचं नाही. ती आज्ञा अख्खी डिस्क तासन्‌तास वाचत बसते. मरायला टेकलेल्या माणसाला पळवण्यातला प्रकार. शिवाय फाइलव्यवस्था 'दुरुस्त' करताना ती फाइलींचे तुकडेही करून ठेवू शकते. सतीशशी या विषयावर मी १२ वर्षं भांडतेय, तू मध्ये पडू नकोस.

प्रत निघाली, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून ऐकलीस, की मग उष्णता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ सापडेल. ते कारण नव्हे. मागच्या वेळी नीट बंद न होता गेला, एवढीच ती तक्रार. आत 'डिटेल्स'मध्ये बगचेककोड, म्हणजे विंडोज का कोसळलं त्याचा आकडा, बघ. शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: उष्णता, वीज किंवा पूर्ण थिजणं. शून्य नसेल तर तो आकडा दशमानात असतो, तो हेक्समध्ये बदलून शोध. २९२ म्हणजे १२४, हार्डवेअरची चूक. २६ म्हणजे १ए, मेमरी.

एचडब्ल्यूइन्फो उघडून तापमान नोंदत ठेव आणि कॉल लाव. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आधी वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर वीज तोडतात. ९५ च्या पुढे जाऊन अंधार झाला, तर चोर सापडला. लॅपटॉप उशीवर ठेवू नकोस, हे मी हॉस्टेलपासून सांगतेय. उघडशील तेव्हा सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी काढ. बॅटरी फुगलेली दिसली किंवा टचपॅड वर उचललेला असेल, तर तिथेच थांब. ती दाबायची नाही, टोचायची नाही. स्क्रू कागदावर जागेप्रमाणे मांडून ठेव, कारण आखूड जागी लांब स्क्रू बसवला की तो खालचं काहीतरी फोडतो. खरी घाण पंख्यावर नसते, पंखा आणि तांब्याच्या पात्या यांच्या मध्ये असते, नमद्यासारखा थर. हवा मारताना पंखा काडीने अडवून धर, नाहीतर भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, उचललास तर जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवी लाव, आणि स्क्रू त्यांच्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळ.

हे सगळं ठीक निघालं तर रॅम. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून रात्रभर, निदान ४ फेऱ्या. एक जरी चूक दाखवली तरी ती चूकच, 'एकच तर आहे' म्हणू नकोस. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघ. ड्रायव्हर, विंडोजच्या फाइली वगैरे यानंतर. पूर्ण थिजल्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का तेवढं बघून ठेव: दिवा बदलत असेल तर आत अजून जीव आहे, विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबून ग्राफिक्सला हलवून जागं करता येतं कधी कधी. दिवाही मेला असेल तर पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

तुझी बढती झाली म्हणे! अभिनंदन. सोनू दहावीला ना यंदा? आईंच्या डोळ्यांचं काय झालं ते सविस्तर लिही, माधवीकडून अर्धवटच कळतं.

आणि हो, मागच्या वेळच्या भांडणात मी जे बोलले ते निम्मं परत घेते. उरलेलं निम्मं फॉरमॅटबद्दल होतं.

तुझी,
शमा

ता. क. कॉपी सुरू करण्याआधी चार्जर लाव आणि सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' कर. झाकण मिटू नकोस. ०५, सी५, सी६ या तीन ओळींचा फोटो माधवीच्या फोनवरून पाठव, शनिवारच्या आधी.