तेलाचा भाव लिटरचा की किलोचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात पुतणीच्या साखरपुड्याला आचाऱ्याने यादीत ‘तेल १५’ एवढंच लिहून दिलं होतं. नेहमीचा पिपा मिळाला नाही म्हणून मुलाने १५ लिटरचा कॅन आणला. शेवटच्या पंगतीला पुऱ्या तळताना कढईत तेलच उरलं नाही. आचारी म्हणाला, “ताई, तेल कमी आलं.” आम्हाला वाटलं, यानेच कुठेतरी सरकवलं! तोंडावर कुणी बोललं नाही, पण कुजबूज त्याच्या कानावर गेलीच.

रात्री झोप येईना, म्हणून घरातलं एक लिटरचं पाऊच फोडलं. लोणच्यांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे काटा घरीच आहे. पातेल्याचं वजन वजा केलं, पाऊच उलटं टांगून शेवटचा थेंब निथळवला. काट्यावर आले ९०९ ग्रॅम. दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात गेले, तर दुकानदाराने पाऊचच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली: १ लिटर, ९१० ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं. एका लिटरचा किलो होत नाही, साधारण ९१० ग्रॅमच भरतात. नेहमीच्या पिप्यात असतं १५ किलो, म्हणजे साडेसोळा लिटरच्या आसपास. आणि आमच्या कॅनमध्ये जेमतेम साडेतेरा किलोच्या वर. दीड किलोला थोडं कमी तेल आमच्याच हिशोबात सांडलं होतं. आचाऱ्याला फोन करून माफी मागितली. आता तो यादीत ‘किलो’ ठळक लिहितो.

खरी चलाखी भावात आहे. त्या आठवड्यात पाऊच १४० रुपयांना होतं आणि पिपा २२५० ला, म्हणजे दीडशे रुपये किलो. पाऊच दहा रुपयांनी स्वस्त वाटतं की नाही? किलोवर नेलं तर ते १५४ ला पडतं! सोपा हिशोब असा, की लिटरच्या भावात दहावा हिस्सा मिळवला की किलोचा भाव निघतो. त्यात हल्ली लिटरच्याच आकाराची ८०० आणि ७५० ग्रॅमची पाऊचं आली आहेत. हातात धरून फरक कळत नाही.

तेल तापलं की फुगतं, ही आणखी एक मेख. ग्राहक व्यवहार विभागानेच दिलेल्या आकड्यांनुसार एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशांना ९१९.१ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर ६० अंशांचं माप छापत होत्या, म्हणजे लिटर तोच, पण तेल वजनाला कमी. आमच्या नागपूरच्या मे महिन्यातही पारा तिथवर जात नाही हो! २०२२ मध्ये केंद्राने सांगितलं, की तापमानाचा उल्लेख काढा आणि लिटरसोबत वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. पाऊचवर ते ‘९१० ग्रॅम’ दिसतं खरं. पण अक्षरं अशी, की माझ्या वयाच्या बाईने चष्म्यावर भिंगही धरावं. आमच्या ओळखीच्या घाण्यावर जवसाचं तेल अजून काट्यावर तोलूनच देतात, तिथे हा घोळच नाही.

माझी विनंती दोन जणांना आहे. इतवारीतल्या किराणा दुकानदारांनी फळ्यावर पाऊचच्या भावाशेजारी किलोचा भावही लिहावा. खडूला काही खर्च येत नाही. आणि आपण बाजारभावाच्या रकान्यात तेलाचा भाव देता, त्याखाली लिटरचा आकडाही एका ओळीत द्यावा. दिवाळीच्या फराळाचं तेल भरायच्या आधी सुरू झालं तर फार बरं होईल.

आपली,
एक गृहिणी, महाल, नागपूर