'इफ'नंतरचा 'विल'

महोदय,

परवा माझी सातवीतली नात वही घेऊन आली. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' या तिच्या वाक्यातल्या 'विल'वर लाल फुली होती. 'इफ'नंतर 'विल' येत नाही, असं वर्गात सांगितलं म्हणे. वाक्य बिनचूक होतं. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

'इफ' एकच दिसला तरी त्याची कामं दोन. 'इफ इट रेन्स, आय विल स्टे होम' ही अट झाली. तिथल्या उपवाक्यात पुढची गोष्ट सांगतानाही साधा वर्तमानकाळच येतो. पण 'तो येईल की नाही, माहीत नाही' यात अट कुठली? ती शंका आहे, आणि तिथे 'विल' हवाच. मराठीत 'तर' वेगळा, 'की' वेगळा, त्यामुळे मराठीतून सांगितलं तर मुलांना हे लगेच कळतं. 'पाऊस आला तर घरी थांबेन' असं आपणही म्हणतोच ना? पाऊस अजून यायचाय, तरी 'आला'! किती सुंदर सोय आहे ही.

शिवाय अटीतही कधी 'विल' चालतो. 'इफ यू विल वेट अ मिनिट' म्हणजे जरा थांबायची तयारी असेल तर. तिथे 'विल' काळ दाखवत नाही, मर्जी विचारतो.

नातीला ते वाक्य मी पुन्हा लिहायला लावलं, 'विल'सकट.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा