किलोमीटरवर रुग्णवाहिका पोसता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या रुग्णवाहिकांच्या ठेकेदाराने दरवाढ मागितल्याची कालची बातमी आणि त्यावर 'रुग्णांना वेठीस धरण्याचा प्रकार' हा आपला शेरा वाचला. शेरा खुशाल मारा, पण आधी थोडा गुणाकार-भागाकार करून पाहायला हरकत नव्हती. ठेकेदार किती मागतो ते बातमीत आहे, प्रशासन किती देऊ म्हणते तेही आहे. पैसे नेमके कशाचे मिळतात, तेवढेच राहिले. रुग्ण गाडीत असतानाच्या किलोमीटरचे मिळतात. सगळी गोम तिथे आहे.

एक गाडी चोवीस तास सज्ज ठेवायची तर आठवड्याचे 168 तास भरून काढावे लागतात. एका चालकाचे कायद्याने 48. म्हणजे साडेतीन चालक. रजा, आजारपण, सणवार धरले की चार. परिचारकही तेवढेच. भविष्यनिर्वाह निधी, ईएसआयसीचा कामगार विमा, गणवेश असे सगळे मिळून माणशी 20 हजार धरा, कमीच धरतो आहे. चाक फिरायच्या आधीच महिन्याला 1 लाख 60 हजार. आता हिशेबापुरता किलोमीटरला 30 रुपये दर धरा. नुसते पगार निघायला रोज 178 किलोमीटर रुग्ण घेऊन धावावे लागेल. शहरातली फेरी सहा किलोमीटरची धरली तर तीस फेऱ्या. एका फेरीला, कॉल आल्यापासून गाडी ठिय्यावर परत येईपर्यंत, दीड तास जातो. चोवीस तासांत सोळा फेऱ्या होतात, त्याही गाडी क्षणभर उभी राहिली नाही तर. दर 35 केला तरी पगारापुरत्या पंचवीस-सव्वीस फेऱ्या लागतात आणि होतात सोळाच. डिझेल, टायर, विमा, ऑक्सिजन अजून वहीत आलेलेच नाहीत. ही दरवाढ मिळाली तरी सहा महिन्यांनी हाच ठेकेदार पुन्हा आयुक्तांच्या दारात दिसेल.

दीड तास कसा, असे कुणी विचारील. पोहोचायला वीस मिनिटे. तिसऱ्या मजल्यावरून रुग्ण खाली आणायला पंधरा, कारण जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावत नाही, रुग्णाला खुर्चीत बांधून जिन्याने उतरवावे लागते. रुग्णालय गाठायला आणखी वीस. उरलेला वेळ कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, दारात आणि ठिय्यावर परतण्यात जातो. महापालिकेच्याच मोठ्या रुग्णालयात ट्रॉली रिकामी नसते, म्हणून रुग्ण गाडीच्या स्ट्रेचरवरच ठेवून घेतात. स्ट्रेचर आत, गाडी बाहेर. स्ट्रेचरशिवाय रुग्णवाहिका म्हणजे भोंगा लावलेला टेम्पो, पुढचा कॉल घेता येत नाही. अपघाताचा रुग्ण असला तर पोलीस नोंदीसाठी चालकाला थांबवतात, ते वेगळे. रात्रपाळीला एकच मामा, म्हणजे वॉर्डबॉय, आणि तीन वॉर्ड असले की दीड तासाचे दोन तास व्हायला वेळ लागत नाही.

स्ट्रेचरबरोबर लहान ऑक्सिजन सिलिंडरही आत जातो. बी टाइप, पूर्ण भरलेला असला तर सुमारे 1500 लिटर. मिनिटाला 10 लिटरने अडीच तास पुरतो, 15 लिटरने शंभर मिनिटे. पण तो दारात पोहोचेपर्यंत बराचसा वापरलेला असतो. गाडीतला डी टाइप सुमारे 7000 लिटरचा, पण तो जागेवर बांधलेला, स्ट्रेचरमागे नेता येत नाही. रुग्णालयाच्या भिंतीत ऑक्सिजनचा पॉइंट असतो, रुग्ण मात्र ट्रॉलीअभावी व्हरांड्यात पडून गाडीचाच प्राणवायू घेत असतो. या वेळेचा एक पैसा ठेक्यात नाही. उलट पुढच्या कॉलला उशीर झाला की दंडाचे कलम आहे. स्ट्रेचर अडकवणारी महापालिका आणि दंड कापणारीही महापालिका!

कोविडच्या वर्षात परिवहन प्राधिकरणांनी खासगी रुग्णवाहिकांना दर ठरवून दिले, त्यात पहिला टप्पा किलोमीटर किंवा तास असा होता, थांबण्याचा आकार निराळा. आरटीओला जे उमगले ते आरोग्य खात्याला उमगू नये, याचे नवल वाटते.

सेवेला जीएसटी माफ, मग परवडत कसे नाही, हाही प्रश्न बातमीत आहे. माफ आहे म्हणूनच परवडत नाही. रुग्णाच्या वाहतुकीवर कर लागत नाही, त्यामुळे टायर, क्लच प्लेट, बॅटरी यांवर भरलेल्या 18 टक्क्यांचा परतावा मिळत नाही. तो थेट खर्चात जातो.

पैसा आटला की भोंगा आणि दिवा शेवटपर्यंत चालू राहतात, कारण ते लोकांना दिसतात. आधी रात्रीचा परिचारक जातो. मग एसीचा कॉम्प्रेसर. मग हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डिफिब्रिलेटरचे पॅड, मुदत उलटली तरी तेच. ठिय्यावर 230 व्होल्टचा साधा प्लग नसतो, म्हणून उपकरणांची दुसरी बॅटरी उभ्या गाडीत उतरत जाते. चार्ज करायला इंजिन चालू ठेवावे तर डिझेल स्वतःच्या खिशातले. मग चालक इंजिन बंद करतो आणि नेमक्या वेळी रुग्णाच्या घशातला स्राव ओढणारा सक्शन पंप कुरकुरतो.

ठेकेदाराची बाजू घेण्याचे मला कारण नाही. हा दर त्याने स्वतःच भरला, सगळ्यात कमी म्हणून ठेका मिळवला. निविदेतले 'रुग्णासह किलोमीटर' हे शब्द त्याने वाचले नसतील तर त्याचे नशीब. पण रस्त्याच्या ठेक्यात डांबर, सिमेंट, पोलादाच्या भाववाढीचे कलम न विसरता घालणाऱ्यांना इथे डिझेल आठवू नये? महिन्याला गाडीमागे ठरावीक रक्कम, वर ठिय्यापासून ठिय्यापर्यंतचे किलोमीटर, आणि कॅज्युअल्टीत अर्ध्या तासापुढे स्ट्रेचर अडकले तर तो आकार रुग्णालयाच्या खात्यातून. जीपीएसची नोंद महापालिकेकडेच येते, वेगळा हिशेबनीस नेमायला नको. मग प्रतिकिलोमीटर दर आजच्यापेक्षा कमी केला तरी चालेल.

कळावे,
एक वाचक

ता. क. : बातमीसोबत छापलेले छायाचित्र शववाहिनीचे आहे. बाजूवर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, आरशातून वाचायचीही गरज नाही.